वाढत्या अंगाची अक्षरे

'ध' चा 'मा' झाल्याची गोष्ट आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? १७७३ साली पुण्यास शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि लोक सांगू लागले की, मूळ हुकूम 'धरावे' असा होता. त्यातले एक अक्षर कोणीतरी बदलले आणि 'मारावे' केले. या कथेत इतिहास किती आणि दंतकथा किती, हा प्रश्न वेगळा. पण मराठी माणसाने ती दोनशेहून अधिक वर्षे जपून ठेवली आहे, याचे कारण उघड आहे. लिहिलेल्या एका अक्षरावर माणसाचे भले-बुरे अवलंबून असू शकते, हे त्याला पुरते पटलेले आहे.

आजच्या काळात मात्र 'ध' चा 'मा' व्हायला कारस्थानी माणसाची गरज राहिलेली नाही. एखादी चौकट तोकडी पडली तरी पुरते. माझी आत्या साताऱ्यास असते. तिचे वय ७४. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे, आणि हाताशी एक मोबाइल फोन आहे. तिच्या नातवाने त्या फोनवरील अक्षरे एकदा सर्वांत मोठी करून दिली. आत्या खूश झाली. पंधरा दिवसांनी तिचा मला फोन आला. "अरे, डॉक्टर सांगतात गोळी जेवून घ्या, आणि हा मेला फोन रोज सकाळी सांगतो, 'ही गोळी उपाशीपोटी घ्यायची.' मी ऐकू तरी कुणाचं?"

पुढच्या रविवारी जाऊन मी तो फोन पाहिला. औषधांच्या वेळेची आठवण करून देणारे एक ॲप त्यात होते. त्यातले मूळ वाक्य होते, 'ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही.' वाक्यासाठी जी चौकट आखलेली होती, तिच्यात एकच ओळ मावत होती. अक्षरे मोठी झाली, ओळ भरली, आणि शेवटचा 'नाही' हा शब्द बाहेर राहिला. त्याच्या जागी तीन टिंबे तेवढी उमटली होती. त्या तीन टिंबांचा अर्थ 'येथे काही गाळले आहे' असा असतो, हे आत्याला कोण सांगणार? आणि सांगितले असते तरी, काय गाळले आहे ते तिला कसे कळणार?

आता यात चूक कोणाची? अक्षरे मोठी करून देणाऱ्या नातवाची नव्हे, आणि आत्याच्या डोळ्यांची तर नव्हेच. चूक त्या चौकटीची. ही चौकट जेथे घडते त्या कारखान्यात आज आपण जरा डोकावून पाहू या.

दारे-खिडक्या तयार मिळतात

एखादा सुतार घर सजवायला निघाला, म्हणजे करवत, रंधा, पटाशी ही हत्यारे त्याला लागतातच. पण हल्ली तो प्रत्येक वस्तू स्वतः घडवीत बसत नाही. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, इतकेच काय, तयार दारे आणि खिडक्याही तो बाजारातून आणतो आणि बसवतो. फोनमधली ॲपे लिहिणाऱ्यांचेही असेच आहे. पडद्यावर 'पुढे' हा शब्द उमटवायचा तर त्यातला 'प' कोणी ठिपक्या-ठिपक्याने काढत नाही. आज्ञावली लिहिणारा एवढेच सांगतो की, येथे एक बटण ठेव, त्यावर हा शब्द लिही, आणि अक्षर अमुक आकाराचे असू दे. बाकीचे काम तयार मालातून होते. हत्यारे आणि तयार माल यांच्या या एकत्रित पेटीला सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट म्हणतात. आपण तिला साधनसंच म्हणू.

अँड्रॉइड फोनांसाठी असा साधनसंच गूगल कंपनीने प्रथम १२ नोव्हेंबर २००७ रोजी पाहण्यासाठी खुला केला. तेव्हापासून त्याच्या नव्या आवृत्त्या निघत आलेल्या आहेत आणि प्रत्येकीला एक क्रमांक असतो. आपण ज्या आवृत्तीविषयी बोलणार आहोत, ती अँड्रॉइड १४. ती ४ ऑक्टोबर २०२३ रोजी आली आणि साधनसंचाच्या वहीत तिचा क्रमांक ३४ आहे. अशी आवृत्ती आली की तिच्यात काय नवे आहे याची लांबलचक यादी निघते. ती यादी सामान्य माणूस वाचत नाही, आणि वाचू म्हटले तरी कळायची नाही. पण तिच्यात एखादी ओळ अशी असते की, जिच्यामुळे साताऱ्यातल्या एका स्वयंपाकघरात गोळी कधी घ्यायची याचा घोटाळा होतो. म्हणून म्हणतो, ही यादी वाटते तितकी परकी नाही.

चाळिशी लागली म्हणजे

जवळचे वाचायच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. किती नेमका शब्द आहे पहा! वयाच्या चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते, जवळच्या वस्तूवर दृष्टी ठरेनाशी होते, आणि माणूस वर्तमानपत्र हातभर लांब धरू लागतो. फोनही तसाच लांब धरतो. मग तो फोनला सांगतो, "बाबा रे, अक्षर मोठे कर."

आता फोनला हे सांगता यावे, यासाठी साधनसंचात आकार मोजण्याची दोन मापे ठेवलेली आहेत. एकाचे नाव डीपी. पडदा कोणत्याही फोनचा असो, १६० डीपी म्हणजे साधारण एक इंच, असे ते माप बांधलेले आहे. बटणाची रुंदी, चित्राची उंची, कडेची मोकळी जागा ही सारी या मापाने सांगायची. दुसऱ्या मापाचे नाव एसपी. हे खास अक्षरांसाठी. वाचणाऱ्याने अक्षर मोठे करा असे सांगितलेले नसेल, तेव्हा एक एसपी आणि एक डीपी अगदी सारखे. पण वाचणाऱ्याने मोठे करा म्हटले की एसपी वाढते, डीपी आहे तेवढेच राहते. म्हणजे लिहिणाऱ्याने अक्षराचे माप एसपीत सांगितले, तर ते माप शेवटी वाचणाऱ्याच्या हाती जाते. साधनसंचातली ही एक फार सभ्य योजना आहे.

अँड्रॉइड १४ येण्यापूर्वी गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनांत अक्षर जास्तीत जास्त १३० टक्के मोठे करता येत असे. म्हणजे १० चे १३. डोळ्याला हा फरक जाणवतो, पण कमी दिसणाऱ्या माणसाचे त्याने भागत नाही. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून २००८ साली जे जागतिक मार्गदर्शक नियम ठरले, त्यांत अक्षर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता आले पाहिजे आणि तसे केल्याने मजकूर वा सोय हरवता कामा नये, असे म्हटलेले आहे. अँड्रॉइड १४ ने तीच २०० टक्क्यांची मर्यादा स्वीकारली. 'मजकूर हरवता कामा नये' हा त्या नियमाचा दुसरा अर्धा भाग तेवढा लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

प्राप्तिकराचा हिशेब

येथे एक मौजेची अडचण उभी राहिली. पडद्यावर सगळीच अक्षरे एका आकाराची नसतात. मथळा मोठा, मजकूर मध्यम, तळटीप बारीक. सरसकट सगळ्यांची दुप्पट केली तर बारीक तळटीप वाचण्याजोगी होईल, हे खरे. पण जो मथळा आधीच ठसठशीत होता, तो एकटाच अर्धा पडदा अडवून बसेल. ज्याला अन्न कमी पडते त्याला जास्त वाढावे, पोट भरलेल्याला थोडेसे वाढावे, हा पंक्तीतला शहाणपणा येथे हवा होता.

अँड्रॉइड १४ ने तो आणला. या आवृत्तीच्या मूळ आज्ञावलीत एक कोष्टकच दिलेले आहे. २०० टक्क्यांची निवड केली, तर १२ चे अक्षर पुरते दुप्पट, म्हणजे २४ होते. १४ चे २६ होते, १८ चे ३०, २० चे ३४, २४ चे ३६. ३० चे अक्षर जेमतेम ३८ पर्यंत जाते आणि १०० चे अक्षर १०० च राहते. लहानाला भरपूर, मोठ्याला बेताने. त्यामुळे मथळा मथळ्यासारखा दिसतो आणि मजकूर वाचता येतो.

पण वाढ अशी वाकडी झाली की साधे गणितही वाकडे होते. पहा, ४ आणि २० मिळून २४, हे आपण पहिलीत शिकलो. या कोष्टकात ४ चे ८ होतात, २० चे ३४ होतात, बेरीज ४२. पण २४ चे होतात ३६! बेरीज जुळत नाही. यात चूक काहीच नाही. प्राप्तिकराचा हिशेब असाच असतो. दोन भावांनी आपापल्या उत्पन्नावर भरलेला कर आणि त्या दोघांच्या एकत्र उत्पन्नावर एकाच माणसाला पडलेला कर हे दोन आकडे सारखे येत नाहीत, कारण टप्प्याटप्प्याने दर बदलतो. येथेही दर टप्प्याटप्प्याने बदलतो, इतकेच.

परंतु ज्यांनी जुन्या सवयीने 'मूळ आकार गुणिले वाढ' असा आपला हिशेब ॲपात स्वतःच लिहून ठेवला होता, त्यांचा अंदाज चुकू लागला. चौकट त्यांनी आपल्या गुणाकाराने आखली आणि अक्षर साधनसंचाच्या कोष्टकाने वाढले. म्हणून साधनसंच बजावतो की, हा हिशेब तुम्ही करू नका, तो करणारे तयार साधन पेटीत ठेवले आहे, ते वापरा. तसेच कडेची मोकळी जागा एसपीत मोजू नका, ती डीपीतच ठेवा. आणि दोन ओळींमधले अंतर मात्र एसपीत सांगा, म्हणजे अक्षराबरोबर तेही वाढेल. यातले कोणतेच काम अवघड नाही. पण ते आठवणीने करावे लागते.

कूळ आणि कळ

आता ओळींमधल्या अंतराचेच पहा. इंग्रजी अक्षर बसके असते. त्याच्या डोक्यावर क्वचित टिंब, पायाशी क्वचित शेपटी. आपल्या देवनागरीचा संसार मोठा. डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. पायाशी उकार, आणि 'ट्ठ' किंवा 'द्ध' यांसारखी जोडाक्षरे. इंग्रजीच्या बेताने उंची ठरवलेल्या चौकटीत हे सारे कुटुंब दाटीवाटीने कसेबसे बसते. अक्षर वाढले आणि चौकट वाढली नाही, की खालचा किंवा वरचा भाग सरळ कापला जातो. पायाचा उकार गेला तर 'कूळ' चे 'कळ' होते आणि 'पूल' चा 'पल'. 'सुरू' चे तर 'सरू' होऊन बसते. डोक्यावरचा अनुस्वार गेला तर 'वंश' चा 'वश'. तीन टिंबांचा इशारासुद्धा येथे मिळत नाही. शब्द शाबूत दिसतो आणि अर्थ निसटलेला असतो.

साधनसंच करणाऱ्यांना याची जाणीव नाही असे नव्हे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ मध्ये तमिळ, तेलुगू, ब्रह्मी आणि तिबेटी अशा लिप्यांसाठी ओळीची उंची सुधारून घेतली होती. अक्षरांची डोकी आणि पाय कापले जाऊ नयेत, हाच तिचा हेतू. पण साधनसंचाने ओळ कितीही ऐसपैस दिली, आणि ॲप लिहिणाऱ्याने तिच्याभोवती मोजून-मापून ४८ डीपीची चौकट खिळे ठोकून बसवली, तर साधनसंच काय करणार?

यावरचा उपाय आपल्या घराघरांत पूर्वापार चालत आलेला आहे. मुलाला सदरा शिवायचा तर आई शिंप्याला काय सांगते? "वाढत्या अंगाचा शिवा हो!" बाह्या जरा लांब, खाली दुमड घालून ठेवलेली, मूल वाढले की दुमड उसवायची. ॲपाची चौकटही वाढत्या अंगाची शिवता येते. 'उंची ४८' असे सांगण्याऐवजी 'उंची निदान ४८. मजकूर वाढला तर त्याच्याबरोबर वाढ' असे सांगता येते. तशी सोय साधनसंचात फार पूर्वीपासून आहे. एक ओळ पुरली नाही तर दुसऱ्या ओळीवर जा, असेही सांगता येते. आणि सगळे मिळून एका पडद्यावर मावले नाही, तर पडदा वर सरकवून वाचता येईल अशी व्यवस्था करता येते. वाचणाऱ्याला बोटाने जरा वर सरकवावे लागले तर तो कुरकुरत नाही. पण जे सरकवूनही दिसत नाही, त्याचे काय करावे?

नकार शेवटी येतो

आता आत्याच्या गोळीकडे वळू या. कारण तेथे आणखी एक बारकावा आहे, आणि तो खास आपल्या भाषेचा आहे.

इंग्रजीत नकार बहुधा वाक्याच्या तोंडाशीच येतो. 'करू नका' असे सांगायचे तर इंग्रज आधी 'नका' म्हणतो आणि मग काय नका ते सांगतो. मराठीत आपण आधी सगळे सांगतो आणि अगदी शेवटी 'नाही', 'नका', 'नये' असा एक शब्द ठेवून सगळे फिरवतो. 'हा संकेतांक कोणालाही सांगायचा नाही.' 'पैसे आल्याखेरीज बटण दाबू नका.' 'ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही.' आता ओळ पुरली नाही तर शेवट गाळा आणि तीन टिंबे ठेवा, ही युक्ती इंग्रजी वाक्याला लावली तर तपशील जातो, नकार बहुतेक वेळा वाचतो. तीच युक्ती मराठी वाक्याला लावली तर तपशील सगळा वाचतो आणि जातो तो नेमका नकार! मनाई होती, तिची आज्ञा होते.

म्हणून मराठीत ॲपे लिहिणाऱ्या, आणि दुसऱ्यांच्या ॲपांचे मराठी करून देणाऱ्या मित्रांना माझे दोन गोष्टींचे सांगणे आहे. पहिली अशी की, जेथे मनाई आहे, धोका आहे, पैसा किंवा औषध आहे, तेथे एका ओळीची सक्ती आणि तीन टिंबे कदापि वापरू नयेत. वाक्य दोन ओळी घेवो, चार घेवो, पुरे दिसले पाहिजे. दुसरी गोष्ट वाक्यरचनेची. नकाराला शेपटीवर बसवण्याऐवजी वाक्यच होकारी करता येते. 'उपाशीपोटी घ्यायची नाही' म्हणण्याऐवजी 'जेवणानंतरच घ्या' म्हणा. यातला शेवट चुकून कापला गेला तरी 'जेवणानंतरच' एवढे राहते, आणि आत्याला तेवढे पुरते. 'संकेतांक कोणालाही सांगू नका' याऐवजी 'संकेतांक गुप्त ठेवा' म्हणा. छोटे वाक्य मोठ्या अक्षरातही मावते.

'झाला आहात' की 'झाल्या आहात'?

अँड्रॉइड १४ च्या यादीत अक्षरांच्या आकाराबरोबर आणखी एक नवी सोय होती. ती आपल्या फार जवळची आहे. तिचा विषय आहे व्याकरणातले लिंग.

इंग्रजीत तुम्ही सभासद झालात हे स्त्रीला आणि पुरुषाला एकाच वाक्यात सांगता येते. फ्रेंच किंवा जर्मनसारख्या भाषांत ते नेहमी जमत नाही, आणि मराठीतही जमत नाही. 'तुम्ही आमचे सभासद झाला आहात' हे पुरुषाला झाले. बाईंना 'झाल्या आहात' म्हणायला हवे. रोजच्या चालण्याचा हिशेब ठेवणारे ॲप 'आज तुम्ही ४,००० पावले चालला आहात' असे एखाद्या आजींना सांगते. आजी चालल्या, पण शाबासकी गेली आजोबांना! वर्षानुवर्षे बायकांनी हे निमूटपणे वाचले आहे, कारण तक्रार करण्याइतकी ही गोष्ट मोठी आहे असे कोणी मानलेच नाही.

नव्या साधनसंचात एका वाक्याचे तीन पाठ ठेवता येतात. स्त्रीलिंगी एक, पुल्लिंगी एक, नपुंसकलिंगी एक, आणि शिवाय सर्वांना चालेल असा एक साधारण पाठ. ॲपाने वाचणाऱ्याला एकदा विचारायचे, "तुम्हाला कसे संबोधू?" त्याने किंवा तिने सांगितले की ती निवड ध्यानात ठेवली जाते आणि त्याप्रमाणे वाक्य निघते. कोणाला सांगायचे नसेल तर साधारण पाठ आहेच.

मराठीत हे काम वाटते तेवढे अवजडही नाही. 'तुम्ही अर्ज भरला' हे वाक्य दोघांनाही चालते, कारण तेथे क्रियापद अर्जाच्या मागे जाते, भरणाऱ्याच्या नव्हे. 'येणे', 'जाणे', 'होणे', 'चालणे' अशा कर्म न घेणाऱ्या क्रियापदांपाशी तेवढा फाटा फुटतो. तेथे दोन पाठ लिहावेत. नाहीतर 'तुमचे सभासदत्व सुरू झाले आहे' असे वळण द्यावे, म्हणजे प्रश्नच उरत नाही. यासाठी लागते ती मराठीची समज. यंत्राने जागा करून दिली आहे. त्या जागेत काय ठेवायचे ते ज्याला भाषा येते त्यानेच ठरवले पाहिजे.

आगेमागे काय झाले

हे दोन बदल एकटे-दुकटे नाहीत. त्यांच्या आधीच्या अँड्रॉइड १३ मध्ये प्रत्येक ॲपासाठी वेगळी भाषा निवडण्याची सोय फोनाच्या सेटिंग्जमध्ये आली. म्हणजे सगळा फोन इंग्रजीत ठेवून बँकेचे तेवढे ॲप मराठीत वाचता येऊ लागले. मात्र त्या ॲपात मराठी मजकूर असला पाहिजे, आणि आपल्याला कोणत्या भाषा येतात याची यादी ॲपाने फोनला दिली पाहिजे. ही यादी दिली नाही, तर मराठी पोटात असूनही सेटिंग्जमधील यादीत ते ॲप दिसत नाही. हेही एक आठवणीचेच काम.

नंतरच्या अँड्रॉइड १५ ने, म्हणजे २०२४ साली, पडद्याच्या कडांचा प्रश्न काढला. पूर्वी ॲपाला पडद्याचा मधला भाग मिळे. वर घड्याळ आणि बॅटरी दाखवणारी पट्टी, खाली मागे जाण्याची पट्टी, त्या फोनाच्या मालकीच्या. १५ पासून ॲपाला काठापासून काठापर्यंत सारा पडदा मिळू लागला आणि या पट्ट्या त्याच्यावर पारदर्शक होऊन तरंगू लागल्या. अंगण मोठे झाले खरे, पण ज्यांनी आपले 'पैसे पाठवा' चे बटण अगदी तळाशी ठेवले होते, त्यांचे बटण खालच्या पट्टीखाली गेले. त्यावरही उपाय दिलेला आहे. पट्टी किती जागा खाते हे साधनसंचाला विचारावे आणि तेवढे वर सरकून बसावे.

येथे तुम्ही विचाराल, सगळी ॲपे एकदम अशी का बदलली नाहीत? त्याचे कारण असे की, आपण कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलेले आहोत हे प्रत्येक ॲप आपल्या कपाळावर लिहून आलेले असते. काठापासून काठापर्यंतची सक्ती, ज्याच्या कपाळी ३५ किंवा त्याहून मोठा आकडा आहे त्यालाच. गूगलच्या दुकानात ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवी ॲपे आणि जुन्यांच्या सुधारणा हा आकडा असल्याखेरीज घ्यायच्या नाहीत, असा नियम झाला. मुदत वाढवून मागण्याची सवड तेवढी ठेवली होती. मोठ्या अक्षरांचे मात्र तसे नाही. अक्षराचे माप एसपीत असले की, अँड्रॉइड १४ च्या फोनवर ते जुन्या ॲपातही वाढते, लिहिणाऱ्याने तयारी केलेली असो वा नसो. म्हणूनच आत्याच्या गोळीचे वाक्य कोणाला काही न कळता कापले गेले.

आपण काय करावे?

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांना ॲपे लिहायची आहेत त्यांना सांगायचे ते सांगून झाले. फक्त एक शेवटची विनंती. आपले ॲप पुरे झाले, म्हणजे फोनाच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' म्हणून जे दालन असते तेथे जा, अक्षरे २०० टक्के करा, भाषा मराठी करा, आणि आपलेच ॲप पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत वाचून काढा. अर्ध्या तासाचे काम आहे. जेथे जेथे तीन टिंबे दिसतील, तेथे तेथे थांबून काय गळाले ते पहा.

आणि ज्यांना फक्त वाचायचे आहे, त्यांनी हे दालन एकदा तरी उघडून पाहावे. कंपनीपरत्वे त्याची मांडणी आणि वाढीचे टप्पे थोडे वेगळे असतात, पण अक्षर मोठे करण्याची सोय बहुतेक फोनांत असते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांचा फोन हाती घेऊन ती लावून द्यावी. मात्र लावून दिल्यावर लगेच उठू नये. औषधाचे, बँकेचे, विजेच्या बिलाचे अशी त्यांच्या रोजच्या वापरातली दोन-चार ॲपे त्यांच्या शेजारी बसून उघडावीत, आणि काही कापले जात नाही ना, ते पाहावे. जात असेल तर ॲप करणाऱ्यांना तसे कळवावे. दुकानातल्या ॲपाच्या पानावर अभिप्राय लिहायला जागा असते. 'अक्षरे मोठी केली की अमुक वाक्यातला नकार दिसत नाही' एवढे एक वाक्य पडद्याच्या चित्रासह पाठवले, तर लिहिणाऱ्याला नेमके कळते.

मीही तेच केले. पत्र पाठवले, पडद्याचे चित्र जोडले. दरम्यान आत्याच्या फोनवरची अक्षरे एक टप्पा लहान करावी असे माझ्या मनात आले होते. ती म्हणाली, "छे रे, मग बाकीचं काही वाचता यायचं नाही. त्यापेक्षा मी डॉक्टरांचंच ऐकते." आणि तिने गोळीच्या डबीवर एक कागद चिकटवला: 'जेवून'. शाईने, ठळक अक्षरात. दीडएक महिन्याने त्या ॲपाची सुधारलेली आवृत्ती आली. आता ते वाक्य दोन ओळींत उमटते आणि दुसऱ्या ओळीवर 'नाही' स्पष्ट दिसते. डबीवरचा कागद मात्र आत्याने अजून काढलेला नाही.